व्याह्यांचं नाट्यगृह

ऑस्लोच्या विमानतळावरून शहरात येणारी गाडी जमिनीखालच्या नॅशनल थिएटर स्थानकात थांबते. जिना चढून वर आलं की समोरच नॉर्वेचं राष्ट्रीय नाट्यगृह उभं असतं. दर्शनी भिंतीवर तीन नाटककारांची नावं कोरलेली आहेत: होल्बर्ग, ब्यर्नसन आणि इब्सेन. त्यांतल्या दोघांचे पुतळे दारासमोर आहेत. हेन्रिक इब्सेन मान खाली घालून विचारात गढलेला, तर ब्यर्नस्टियर्ने ब्यर्नसन छाती पुढे काढून, मान ताठ ठेवून उभा. १ सप्टेंबर १८९९ रोजी नाट्यगृहाचं उद्घाटन झालं तेव्हा हे पुतळे बसवलेले होते आणि दोन्ही लेखक समारंभाला जातीनं हजर होते. लेखकाच्या हयातीत त्याचा पुतळा नाट्यगृहाच्या दारात उभा करणारा हा देश तेव्हा स्वतंत्रही नव्हता. स्वीडनपासून तो वेगळा झाला १९०५ साली.

मी मुलुंडची. घाटकोपरला मेट्रो पकडून अंधेरीकडे निघाले, तेव्हा विमानात वाचायच्या पुस्तकांमध्ये श्री. वि. वर्तकांचं ‘आंधळ्यांची शाळा’ होतं. ऑस्लोला जाताना बॅगेत मराठी नाटक कशाला, असा प्रश्न घरच्यांनी केला. त्याचं उत्तर त्या दुसऱ्या पुतळ्यात आहे. हे नाटक ब्यर्नसनच्या १८८३ सालच्या एका नाटकावरून लिहिलेलं आहे.

ब्यर्नसनच्या नाटकातली स्वावा लग्न ठरल्यावर आनंदात असते. मग तिला कळतं, की नियोजित वराचे आधी दुसऱ्या स्त्रीशी संबंध होते. घरातली वडीलधारी तिला समजावतात: पुरुषांचं असंच असतं, मनावर घेऊ नकोस. पुढे तिला हेही कळतं, की आपले वडील तसेच आणि आई सगळं पोटात घालून संसार करत आली. स्वावा विचारते, की मुलीकडून जे शील मागता ते मुलाकडून का मागत नाही? आणि हातमोजा काढून त्या तरुणाच्या तोंडावर फेकते. या एका प्रश्नावरून सगळ्या उत्तर युरोपात वर्षानुवर्षं वाद पेटला. ब्यर्नसन गावोगाव व्याख्यानं देत हिंडला.

पन्नास वर्षांनी तो प्रश्न मुंबईत आला. १९३१–३२ साली बोलपट सुरू झाले आणि नाटक मंडळ्यांचे तंबू उठू लागले. अशा वेळी के. नारायण काळे, अनंत काणेकर, केशवराव भोळे, वर्तक अशा मंडळींनी ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था काढली. १ जुलै १९३३ रोजी ‘आंधळ्यांची शाळा’चा पहिला प्रयोग झाला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. रंगवलेले पडदे गेले, खरं वाटेल असं घर रंगमंचावर उभं राहिलं. रात्रभर चालणाऱ्या गाण्यांच्या जागी मोजकी भावगीतं आली. ज्योत्स्ना भोळे आणि केशवराव दाते त्यात होते. घरातलं झाकून ठेवलेलं बोलायचं, तर रंगमंचावर आधी घर हवं, हे त्या मंडळींनी ओळखलं होतं.

नाट्यगृहापासून राजवाड्याच्या बाजूनं चालत गेलं की काही मिनिटांत इब्सेनचं घर लागतं. १८९५ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०६ पर्यंत, तो इथे राहिला. आता तिथे संग्रहालय आहे. गडद रंगाच्या भिंती, जड पडदे, पाहुण्यांसाठी मांडलेला दिवाणखाना आणि आत लिहायची खोली. या खोलीत त्यानं स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गचं भलंमोठं चित्र लावून घेतलं होतं. हा प्रतिस्पर्धी डोळे वटारून पाहत असला की लिहायला जोर येतो, असं तो म्हणत असे. इथेच त्यानं शेवटची दोन नाटकं लिहिली. रोज ठरल्या वेळी तो इथून निघून कार्ल योहान रस्त्यानं ग्रँड कॅफेत जाई. आता त्या वाटेवर त्याची वचनं पदपथात धातूच्या अक्षरांनी बसवली आहेत. लोक त्यांवरून कामाला जातात, मुलं अक्षरांवर पाय ठेवून उड्या मारतात.

मला त्या खोलीत सतत आठवत होती ती लाउरा कीलर. ही इब्सेनच्या ओळखीतली तरुण लेखिका. नवऱ्याला क्षयानं गाठलं, तेव्हा त्याला उबदार देशात नेण्यासाठी तिनं त्याच्या नकळत कर्ज काढलं. फेड जमेना तेव्हा खोटा कागद केला. नवऱ्याला कळलं, तेव्हा ज्याचा जीव तिनं वाचवला त्यानंच तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. इब्सेनला हे सगळं ठाऊक होतं. डिसेंबर १८७९ मध्ये ‘बाहुलीचं घर’ प्रसिद्ध झालं. त्यातली नोरा असंच कर्ज काढते, खोटी सही करते. पण उघडकीला आल्यावर इस्पितळात जात नाही. नवरा, मुलं सोडून, दार ओढून घेऊन ती निघून जाते. जर्मनीतल्या एका नटीला हा शेवट मानवेना. दुसऱ्यानं कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी म्हणून इब्सेननं तिच्यासाठी वेगळा शेवट लिहून दिला. त्यात नोरा मुलांकडे पाहून थांबते. हा नाटकावरचा रानटी अत्याचार आहे असं तो स्वतःच म्हणाला. पुढे रंगभूमीनंही तो शेवट टाकून दिला.

मराठीत नोरा आली ती अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’मधून, १९४१ साली. पुढच्याच वर्षी मो. ग. रांगणेकरांचं ‘कुलवधू’ आलं. त्यावरही इब्सेनची छाया आहे, आणि नायिका भानुमती केली ती ज्योत्स्नाबाईंनीच. ब्यर्नसनच्या नाटकातून रंगमंचावर आलेली ही गायिका नऊ वर्षांत इब्सेनच्या अंगणात पोचली होती.

या दोन लेखकांचं नातं मात्र तेवढ्यावर थांबत नाही. ओले बुल या व्हायोलिनवादकानं १८५० साली बर्गन शहरात नॉर्वेजियन बोलणारं नाटकघर काढलं. चारशे वर्षांच्या डॅनिश सत्तेनंतरही रंगमंचावरची भाषा डॅनिशच होती. नट डेन्मार्कचे आणि उच्चारही तिकडचे. आपल्या माणसांनी आपल्या बोलीत नाटक करावं म्हणून हा खटाटोप. सांगलीला विष्णुदास भावे यांचं ‘सीतास्वयंवर’ होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. बुलनं तेवीस वर्षांच्या इब्सेनला कामावर घेतलं. इब्सेन सोडून गेला तेव्हा त्याच्या जागी ब्यर्नसन आला. पुढे दोघांची गाढ मैत्री झाली, मग वर्षानुवर्षांचा अबोला झाला, आणि १८९२ साली इब्सेनचा मुलगा सिगूर्ड आणि ब्यर्नसनची मुलगी बर्गलिओत यांचं लग्न झालं. नाट्यगृहाच्या दाराशी उभे आहेत ते असे एकमेकांचे व्याही.

त्या दोघांचा नातू तांक्रेड इब्सेन सिनेमाचा दिग्दर्शक झाला. नॉर्वेचा पहिला बोलपट १९३१ साली आला तो त्याच्याच हातून. १९३७ साली त्यानं गॅब्रिएल स्कॉटच्या कादंबरीवरून ‘फांट’ काढला. त्याच वर्षी पुण्यात ‘प्रभात’नं ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून ‘कुंकू’ काढला. म्हाताऱ्याशी फसवून लावलेलं लग्न न मानणारी नीरा झाली शांता आपटे, आणि म्हातारा नवरा झाले केशवराव दाते. संगीत केशवराव भोळ्यांचं. ‘आंधळ्यांची शाळा’तून निघालेली माणसं चारच वर्षांत तोच हट्टी प्रश्न पडद्यावर घेऊन आली होती. नॉर्वेत आणि आपल्याकडे नाटक, कादंबरी आणि सिनेमा ही एकाच घराची माणसं होती.

नॉर्वेत सिनेमाची घरंही निराळ्या पद्धतीनं वाढली. १९१३ च्या कायद्यानं चित्रपटगृहाला परवाना देण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. त्यांनी हळूहळू चित्रपटगृहंच स्वतःकडे घेतली आणि मिळालेला पैसा शहराच्या सांस्कृतिक कामांत घातला. पुस्तकांसाठीही १९६५ पासून अशीच व्यवस्था आहे. नव्या ललित पुस्तकांच्या प्रती सरकार विकत घेतं आणि गावोगावच्या ग्रंथालयांना पाठवतं. नॉर्वेची लोकसंख्या सुमारे ५६ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्याची ९३ लाखांहून जास्त होती. एवढ्याशा भाषेत चार नोबेल विजेते लेखक झाले: ब्यर्नसन, हामसुन, उन्सेट आणि २०२३ साली युन फोसे. लेखन ही प्रतिभेची गोष्ट खरी, पण लिहिलेलं वाचकापर्यंत पोचवायची जबाबदारी या समाजानं अंगावर घेतली.

आजच्या ऑस्लोत हा धागा तुटलेला नाही. योआकिम ट्रियरच्या २०२५ मधल्या ‘सेंटिमेंटल व्हॅल्यू’ या चित्रपटाला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. त्याची नायिका रंगभूमीवरची नटी आहे आणि तिचं नाव नोरा. बाप सिनेमाचा दिग्दर्शक. घर सोडून गेलेला हा बाप परत येतो तो एक संहिता घेऊन, आणि चित्रीकरण त्याला त्याच जुन्या घरात करायचं असतं. इब्सेनच्या नोरानं दार ओढून घेतलं. इथे बाप निघून गेला आणि मुली मागे राहिल्या. नॉर्वेच्या कथेचा जीव आजही घराच्या चार भिंतींतच अडकलेला आहे.

हे सगळं पाहताना मला मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे आणि पार्ल्याचं दीनानाथ आठवत होतं. तिन्ही नाट्यगृहं महापालिकेची, म्हणजे आपली, करदात्यांची. गिरगाव-दादर सोडून मराठी माणूस उपनगरात आला, त्याच्या मागोमाग नाटकही आलं. रविवारी दुपारी रांगेतली आजी-आजोबांची आणि कॉलेजातल्या मुलांची गर्दी पाहिली की नाटक मेलं असं कुणी म्हणू धजणार नाही. लग्न जुळवताना मुलीची बारीक चौकशी आणि मुलाची फक्त नोकरीची, हे आजही आपल्या इमारतींमध्ये चालतं. स्वावाचा प्रश्न जुना झालेला नाही.

१ जुलै २०३३ रोजी ‘आंधळ्यांची शाळा’ला शंभर वर्षं होतील. त्या दिवशी उपनगरातल्या आपल्या नाट्यगृहांत हे नाटक उभं राहायला हवं: नव्या दमाच्या नटांनी, आजच्या दिवाणखान्यात बसवलेलं, शाळा-कॉलेजच्या मुलांना परवडेल अशा तिकिटात. तयारीला वेळ आहे, संहिता हातात आहे, नाट्यगृहं आपली आहेत. मुलुंड, बोरिवली आणि पार्ल्यातल्या नाट्यसंस्थांनी हे काम आतापासूनच अंगावर घ्यावं.