खरवडलेली मोहोर

तासगावच्या बेदाण्याच्या पेढीवर चाळीसहून अधिक वर्षे बसलेल्या अण्णांना इटलीला नेण्याचा हट्ट मुलाचा होता. मिलान शहरात नाताळसाठी पानेत्तोने नावाचा उंच, फुगीर केक करतात. २००५ सालच्या इटालियन नियमानुसार, या नावाने विकायच्या केकमध्ये बेदाणे आणि संत्रावर्गीय फळांच्या पाकवलेल्या साली मिळून निदान वीस टक्के असाव्या लागतात. तिथल्या एका खरेदीदाराशी मुलाचा व्यवहार जुळत आला होता. त्या केकमध्ये अंडी असतात, हे कळल्यावर अण्णा हसून म्हणाले, "आपला माल ज्या ताटात जाणार, त्या ताटाला आपण हात लावायचा नाही, असा हा धंदा दिसतो."

हसण्यामागे एक काळजी होती. नमुना म्हणून गेला होता तो सांगली भागातील बेदाणा, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. प्रत्यक्षात दोनशे पेट्या कमी पडत होत्या. परप्रांतातील, दिसायला हुबेहूब तसाच माल घालून त्या भरून काढाव्यात, असे मुलाच्या मनात होते. "चवीत कोणाला कळणार, अण्णा?" असे तो निघण्याच्या आदल्या दिवशी म्हणाला होता. अण्णा गप्प राहिले. त्या मौनाचे कारण मुलाला ठाऊक नव्हते.

खरेदीदाराच्या ओळखीने ते मोदेना नगरीजवळच्या एका घरी गेले. द्राक्षांची काढणी नुकतीच झाली होती. अंगणात उघड्या कढईत त्याच दिवशी गाळलेला रस मंद आचेवर आटत होता. दिवस अजून मावळला नव्हता. अण्णांनी त्या गरम पाकाचा थेंब जिभेवर घेतला आणि त्यांना गुऱ्हाळावरची काकवी आठवली. या पाकाला तिथे 'साबा' म्हणतात.

पुढचा प्रवास मात्र त्यांच्या नियमाबाहेरचा होता. हाच आटवलेला रस आंबवून माळ्यावरच्या लाकडी पिंपांत मुरवला की त्याचा बाल्सामिक सिरका होतो. पिंपे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडलेली असतात. कोणी ओकचे, कोणी चेस्टनटचे, कोणी चेरीचे, कोणी तुतीचे. दरवर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडासा सिरका काढतात, ती तूट शेजारच्या मोठ्या पिंपातून भरतात आणि नवा रस सर्वांत मोठ्या पिंपात पडतो. उन्हाळ्याची धग आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही लागावीत म्हणून जागा माळ्याची. पारंपरिक सिरक्याला निदान बारा वर्षे लागतात. 'अतिजुना' म्हणवून घ्यायचा असेल तर पंचवीस. परीक्षकांनी चाखून पसंत केल्यावरच तो ठरावीक आकाराच्या, शंभर मिलिलिटरच्या बाटलीत भरला जातो. मोदेनाच्याच नावाने दुकानोदुकानी मिळणारा स्वस्त सिरका वेगळा. त्यात वाइनचा सिरका मिसळलेला असतो आणि तो साठ दिवसांतही तयार होऊ शकतो. दोन्हींच्या नावांत एका शब्दाचा फरक, पण तो शब्द चोरण्याची मुभा कोणाला नाही.

मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांची नवी ओळ मांडायची आणि लग्नात ती तिला द्यायची, अशी तिथल्या घराण्यांची जुनी रीत. अण्णांना ती फार आवडली. अण्णांनी सिरका चाखला नाही, वासही दुरूनच घेतला.

जेवणाच्या मेजावर लाम्ब्रुस्को ही तिथली फेसाळ तांबडी वाइन आली. अण्णांनी हात जोडले. मद्य, मांस, मधु आणि पाच उदुंबर फळे यांचा त्याग हे श्रावकाचे अष्टमूलगुण. त्यामुळे शेजारच्या बशीतले अंजीरही तसेच राहिले. घरच्या वृद्ध गृहिणीने राग मानला नाही. तिने पार्मेजानो चीजचा तुकडा पुढे केला, तेव्हा अण्णांनी दुभाष्यामार्फत एकच विचारले, "दूध कशाने घट्ट करता?" ती म्हणाली, "वासराच्या जठरातल्या रेनेटने. दुसरे काही चालत नाही, नियमच तसा आहे." अण्णांनी तुकडा परत केला. मुलगा मात्र स्तब्ध झाला, कारण आपल्या शहरातील हॉटेलांत पास्त्यावर भुरभुरलेले चीज त्याने असे कधीच विचारून खाल्ले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या चीजचे कोठार पाहिले. सुमारे चाळीस किलोची एकेक चकती, भिंतभर फळ्यांवर. तिथल्या बँका ही चीजे तारण ठेवून कर्ज देतात, हे ऐकून मुलाचे डोळे चमकले. बारा महिने झाले की परीक्षक येतो आणि लहानशा हातोडीने चकती ठोकून तिचा नाद ऐकतो. आत पोकळी किंवा तडा असेल तर नाद बदलतो. किरकोळ दोष असेल, तर सालीवर समांतर रेघा पाडतात, म्हणजे घेणाऱ्याला दर्जा कळतो. दोष मोठा असेल, तर सालीभोवती ठिपक्यांनी उमटवलेले नावच खरवडून काढतात. चीज विकता येते, मात्र त्या नावाने नाही. अण्णा अशा एका खरवडलेल्या चकतीपाशी बराच वेळ उभे राहिले.

परतताना जिनोआत मुक्काम पडला. बंदरालगतच्या गल्लीत लाकडाच्या भट्टीतून तांब्याचे रुंद, कल्हई केलेले ताट बाहेर आले. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्हचे तेल आणि मीठ; याला फारिनाता म्हणतात. अण्णांना घरचे बेसनाचे धिरडे भेटले. कांद्याची आणि चीज घातलेली फारिनाताही होती. त्यांनी साधीच मागितली, कारण चीजमध्ये रेनेटचा प्रश्न होताच, शिवाय बेसन आणि दुधाचा द्विदल दोषही त्यांना खटकला असता. सूर्य मावळण्यापूर्वी बापलेकांनी पोटभर खाल्ले. संपूर्ण प्रवासात पहिल्यांदाच अण्णांना काही नाकारावे लागले नाही.

बाकावर बसून अण्णा बोलू लागले. "तीस वर्षांपूर्वी अवकाळीने शेडवरचा बेदाणा काळा पडला. सौदा झाला होता, बयाणा घेतला होता. मी मागच्या हंगामातला जुना माल गंधकाची धुरी देऊन पिवळा केला आणि नवा म्हणून भरला. कोणाला कळले नाही. घेणारा पुढेही माल नेत राहिला. तू आठ वर्षांचा होतास, पेट्यांवर चिठ्ठ्या तूच डकवल्या होत्यास."

मुलगा काही बोलला नाही.

"दरवर्षी दशलक्षणात उत्तम शौचाच्या दिवशी प्रवचन ऐकतो. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार येतो, अस्सलाच्या जागी नक्कल देणे. खोटे माप जिथे सांगितले, तिथेच हेही सांगितले आहे. मी तोंडाने म्हणतो आणि मनात ते पिवळे दाणे दिसतात. तू विचारलेस तेव्हा नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

समोर भट्टीवाला दुसरे ताट आत सरकवत होता.

"मग आता काय करायचे, अण्णा?"

"पेट्या कमी आहेत, असे त्याला लिही."

मुलाने त्याच रात्री लिहिले. खरेदीदाराने उरलेल्या दोनशे पेट्यांचा सौदा दुसरीकडे केला. पेढीला तेवढा तोटा झाला. परप्रांतातील माल त्यांनी पुढे विकलाच, पण साध्या पेटीतून, त्याच्या खऱ्या गावाचे नाव लिहून आणि किलोमागे कमी दराने. सांगलीच्या चिठ्ठ्या काही पेट्यांवर आधीच डकवलेल्या होत्या. त्या अण्णांनी गोदामात बसून स्वतः ओल्या फडक्याने भिजवल्या आणि नखाने खरवडून काढल्या.

हमाल म्हणाला, "आम्ही करतो की, अण्णा."

"राहू दे," अण्णा म्हणाले, "हे काम माझेच आहे."