पाटीवरील पदव्या

आमच्या इंदूर शहरात दवाखान्यांच्या जाहिरातींस तोटा नाही. मिस्सा आटोपल्यावर धर्मग्रामातील वडीलधारी मंडळी एखादे छापील पत्रक आमच्या हाती देऊन विचारतात, "फादर, ह्या डॉक्टरांकडे जावे काय?" आम्ही उलट पुसतो, "त्यांचा नोंदणी क्रमांक पाहिलात काय?" असे विचारणे बहुतेकांस उद्धटपणाचे वाटते.

वस्तुतः तो रुग्णाचा अधिकार आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टराने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा, औषधाच्या चिठ्ठीवरही द्यावा. आणि ज्या शाखेची विशेष पदवी नाही, तिचा तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये. ही खातरजमा किती अगत्याची आहे, हे आपल्याच मध्य प्रदेशातील दमोह येथे २०२५ साली दिसून आले. ब्रिटनमधील एका नामांकित हृदयरोगतज्ज्ञाचे नाव धारण करून मिशन रुग्णालयात रुग्णांवर उपचार केल्याच्या आरोपावरून एका इसमास अटक झाली. पाटीवर 'मिशन' हा शब्द दिसला की आपली माणसे डोळे मिटून विश्वास टाकतात. म्हणूनच ही गोष्ट आम्हांस अधिक सलते.

खोटी पदवी मिरविणे म्हणजे आठव्या आज्ञेचा भंग होय. ती खोटी साक्षच; तिचा दंड मात्र आजारी मनुष्य भोगतो. संत लूक वैद्य होते, हे आपणांस संत पौलाच्या पत्रावरून कळते; लूकांनी स्वतः आपल्या शुभवर्तमानात त्याचा उच्चारही केलेला नाही.

वाचकहो, निःसंकोचपणे क्रमांक विचारा. खऱ्या वैद्यास त्याचा राग येण्याचे कारण नाही.