वीतभर मातीची टेकडी

आषाढी वारीला निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला येताना दिघी, विश्रांतवाडीवरून येते. आज आपण त्याच वाटेनं, पण उलट्या दिशेनं जाऊ या. विश्रांतवाडीहून निघायचं आणि दिघीचा दत्तगड चढायचा. दप्तरातली फूटपट्टी बरोबर घ्या बरं का!

पायवाटेच्या कडेला जिथे उतार कापला गेलाय, तिथे थांबा. वर तांबूस-करडी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. आता वरची माती मोजा. कुठे वीतभर, तर कुठे चार बोटंसुद्धा नाही! पन्नास सेंटिमीटरपेक्षा कमी खोलीच्या जमिनीला शास्त्रज्ञ 'उथळ' म्हणतात. आपले शेतकरी म्हणतात मुरमाड, नाहीतर बरड.

इतकीच माती का? हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळं त्याला फोडतात. त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. पण बोटभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. त्यातलीही बरीचशी पावसाबरोबर उतारावरून वाहून जाते. खाली मुळेच्या काठी खोल काळी माती दिसते ना, ती अशीच वरून आलेल्या गाळानं बनली आहे.

मग ही उथळ जमीन बिनकामाची का? मुळीच नाही! तुमच्या मोज्यांत घुसलेलं कुसळच बघा. ते ओलं-सुकं होताना पीळ घेतं आणि बी स्क्रूसारखं जमिनीत रोवतं. हे गवत माती धरून ठेवतं आणि शेळ्या-मेंढ्यांना चारा देतं. मुरमातून पाणी झिरपून खाली विहिरींना मिळतं. पुरंदरची गोड सीताफळं अशाच मुरमाड जमिनीत पिकतात. भोर-मुळशीच्या डोंगरउतारांवर नाचणी आणि वरई होते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर तर माती इतकी थोडी आणि निकस, की 'सीतेची आसवं' ही इवलीशी वनस्पती चक्क किडे पकडून पोट भरते! 2012 साली पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासही आहे.

पण अशा माळाला लोक 'पडीक' म्हणतात. मग रस्त्याच्या आणि इमारतींच्या भरावासाठी मुरूम उपसला जातो. जे बनायला हजारो वर्षं लागली, ते यंत्र एका दिवसात नेतं. उरतो उघडा कातळ. त्यावर ना गवत उगवत, ना पाणी मुरत.

घरी एक प्रयोग करा. तळाला भोकं पाडलेले दोन डबे घ्या. एकात मुरूम भरा, दुसऱ्यात काळी माती. दोन्हींत एकेक पेला पाणी हळूहळू ओता. कुठलं पाणी आधी खाली येतं? दुसऱ्या दिवशी कुठला डबा ओला राहतो? वहीत लिहून ठेवा. मग बाजरीचे चार-चार दाणे दोन्हींत पेरा आणि कोणाला रोज पाणी लागतं ते बघा. टेकडीवरचं गवत केवढ्याशा पाण्यावर तग धरतं, ते तुम्हांला आपोआप कळेल.