वेखंडाचा वळसा

आजीच्या सहाणेला मधोमध खळगा पडला होता. घरातली तीन पिढ्यांची बाळं त्या खळग्यातूनच वाढली, असं ती म्हणे. बाळाचं न्हाणं झालं की गुटीचा डबा उघडायचा. हळकुंड, मायफळ, मुरुडशेंग, ज्येष्ठमध, खारीक असे मानकरी ओळीने बाहेर येत; पण घरभर दरवळायचं ते एकटं वेखंड. त्याला संस्कृतात उग्रगंधा म्हणतात ते उगाच नाही.

ओढ्याकाठच्या दलदलीत वाढणारी ही वनस्पती. पानं तलवारीच्या पात्यासारखी. आपण मूळ म्हणतो ते खरं तर जमिनीखाली आडवं सरपटणारं खोड. तिचं आणखी एक नाव वचा, वाणीशी नातं सांगणारं. बोलायला उशीर करणाऱ्या मुलाच्या जिभेला वेखंड चाटवायची चाल त्या नावाला शोभणारीच.

त्या नावानेच माझा घात केला. सातवीत असताना, वक्तृत्व स्पर्धेच्या सकाळी, वाणीला धार यावी म्हणून मी डब्यातला बोटभर तुकडा चघळून गिळला. भाषण राहिलं बाजूला, तासभर मोरीतून उठता आलं नाही. जास्त मात्रेत वेखंड वांती करवतं आणि वैद्य त्यासाठीच ते वापरत, हे मला फार पुढे कळलं. आजी पाठ चोळत एवढंच म्हणाली, "अगं, वेखंडाचा सहाणेवर एक वळसा असतो. सुपारी का आहे ती?"

पावसाळ्याआधी न्यू जर्सीहून लेकीचा फोन आला. "आई, गुटीचं सामान पाठव ना." आजीचा डबा काढला आणि पाठवण्याआधी थोडं वाचलं. अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी आहे. जम्मूच्या वेखंडाचं तेल खाऊ घातलेल्या उंदरांच्या आतड्यांत गाठी झाल्या होत्या. दोष बीटा-असारोन नावाच्या घटकाचा. उत्तर अमेरिकेतल्या मूळच्या वेखंडात तो नसतोच म्हणतात, युरोपातल्यात थोडा असतो, आपल्याकडच्यात भरपूर.

पहिल्यांदा रागच आला. उंदरांना रोज तेल पाजलं, आमचा तर एक वळसा! पण त्या वळशात किती उतरतं हे कोणी मोजलंय? आजीचा हात हीच मोजणी होती, आणि तो हात मला आलेला नाही. आयुर्वेदातही पोटात द्यायचं वेखंड आधी शुद्ध करून घ्यायला सांगितलंय. दुकानातल्या पुडीवर त्याचा शब्द नसतो. शिवाय पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, आणि वर्षाच्या आत मध तर नकोच, हे डॉक्टर सांगतात ते मला पटतं. बाळाच्या टाळूवर वेखंडाची पूड थापणंही मी सोडायला सांगेन, कारण ती उडून नाकातोंडात जाते.

लेकीला झबली पाठवली, सहाण पाठवली. आठवण म्हणून ठेव, म्हटलं. वेखंड मात्र इथेच पुस्तकांच्या कपाटात, फडक्यात बांधून ठेवलंय. यंदाच्या पावसाळ्यात एकाही पुस्तकाला कसर लागली नाही.