अनूरु सारथी

डभोईस बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर, आणि तोही वैशाखात. तेव्हा बर्फावरील खेळाविषयी आम्ही लिहावे हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण त्याचे कारण आमच्या देवळाच्या पायरीशी घडले आहे.

गायकवाडी अमदानीत येथे आलेल्या मराठी घरांपैकी आमचे एक. तीन वर्षांपूर्वी नवरात्रात देवळाबाहेर एक तरुण चाकांच्या फळीवर बसून, हातांतील लाकडी ठोकळे जमिनीस रेटीत, पायऱ्यांपर्यंत आला. आम्ही सवयीने त्याच्या हाती नाणे ठेवले. त्याने ते शांतपणे परत केले. ‘काका, हुं तो दर्शने आव्यो छुं,’ एवढेच तो म्हणाला. तो दर्शनाला आला होता; आम्ही त्याला भिकारी ठरविले होते. त्या दिवशी आरतीत आमचे चित्त लागले नाही.

पुढे परदेशस्थ भाच्याने आम्हांस एका खेळाचे चलच्चित्र दाखविले. पायांनी अधू असलेले खेळाडू घसरपट्टीसारख्या लहानशा गाडीला स्वतःस बांधून घेतात. गाडीखाली दोन पाती. दोन्ही हातांत आखूड काठ्या. एका टोकास बर्फात रुतणारे दाते, दुसऱ्या टोकाने चकती मारावयाची. स्वीडनमध्ये १९६०च्या दशकात हा खेळ निघाला आणि १९९४ साली नॉर्वेतील लिलेहामर येथील हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये त्यास स्थान मिळाले. टकरी तर अशा, की पाहणाऱ्याने डोळे मिटावे! दयेला तेथे जागाच नाही. आम्हांस मात्र सारखी ती फळी व ते ठोकळे दिसत होते.

आपल्याकडे असा पुरुष झाला नाही असे नव्हे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, नामांकित मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात त्यांस गोळ्या लागल्या, त्यांतील एक कण्यात राहिली आणि पाय गेले. उपचार म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैलीचे अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत काटले व भारतास पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. तो जागतिक विक्रमही होता. पद्मश्री मात्र त्यांस २०१८ साली मिळाली, म्हणजे शेचाळीस वर्षांनी. हा विलंब केवळ सरकारचाच म्हणावा काय? त्या काळात आम्हीही त्यांचे नाव ऐकले नव्हते, आणि ऐकले असते तरी बहुधा ‘बिचारा’ म्हणून मोकळे झालो असतो.

वास्तविक आपल्या पुराणांस हे ठाऊक होते. सूर्याचा सारथी अरुण हा अनूरु, म्हणजे मांड्यांवाचून जन्मलेला. त्याला कोणी रथाखाली बसवून दान दिले नाही. सात घोड्यांचे लगाम त्याच्या हाती दिले. आम्ही रोज सकाळी अर्घ्य देतो, आणि त्याच सूर्यापुढे कोण बसला आहे ते विसरतो.

गेल्या महिन्यात देवळाच्या बैठकीत आम्ही उत्तरेच्या बाजूस उतार बांधण्याची सूचना मांडली. एका वयोवृद्धांनी ‘आत उचलून नेऊ की!’ असे सद्भावनेनेच म्हटले. आम्ही त्यांस नाण्याची हकीकत सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनीच गवंड्यास बोलावणे धाडले. परवा तो मोजमाप घेऊन गेला. तुळशीवृंदावन हातभर सरकवावे लागेल, असे त्याचे म्हणणे आहे.