दोन्ही टोकांवरून

शनिवार पेठेतला आमचा वाडा आता पाडणार आहेत. माळा आवरताना आजोबांचा पितळी कंपास सापडला. ते बल्लारपूरच्या कोळसा खाणीत सर्व्हेअर होते.

जमिनीखाली ना सूर्य, ना जीपीएस. दिशेसाठी सुई. पण जवळचे लोखंडी रूळ तिलाही फसवतात. म्हणून रेषेची दिशा दोन्ही टोकांवरून मोजायची. दोन मापांत १८० अंशांचा फरक आला नाही, तर एखाद्या टोकाला लोखंड आहे समजायचं.

मला बंगळुरूची ऑफर आलीये. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. इथून पाहिलं की पगार दिसतो. तिथे उभं राहून मागे पाहिलं, तर एकटेच जेवायला बसलेले बाबा दिसतात.

कंपास त्यांच्यापुढे ठेवला. काच पुसत म्हणाले, "तू घेऊन जा. मी काय, पेठेतच आहे."