पडद्यावरून पुस्तकात

दूरचित्रवाणीच्या मालिकेवरून लिहिलेल्या कादंबरीस साहित्याच्या पंक्तीत मानाचे पान मिळत नाही. मुलाच्या हाती असे पुस्तक दिसले, की “ही नक्कल वाचून काय मिळणार?” असे वडीलधारी मंडळी विचारतात. प्रश्न वाजवी आहे. तथापि ज्या कथांचे मूळच नाहीसे झाले, त्यांच्या नकलेस काय म्हणावे, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

इंग्लंडात बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ नामक विज्ञानकथांची मालिका सुरू केली. तिचा आरंभ एका शाळेतच होतो. इतिहास शिकविणाऱ्या बाई व विज्ञान शिकविणारे मास्तर एका विलक्षण विद्यार्थिनीच्या घराचा शोध घेत जातात, आणि काळातून संचार करणाऱ्या यंत्रात सापडतात. या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे १९३८ साली लखनौ येथे जन्मलेले. पुढे १९६४ साली ‘मार्को पोलो’ या कथेच्या सात भागांपैकी बहुतेक भागांचे दिग्दर्शनही त्यांनीच केले.

त्या काळी चित्रफिती महाग असत. जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा मुद्रित करीत. परिणामी त्या दशकातील या मालिकेचे नव्वदांहून अधिक भाग गहाळ झाले, आणि ‘मार्को पोलो’चे सातही त्यांत गेले. उरले ते प्रेक्षकांनी घरी टेपवर उतरविलेले संवाद, काही छायाचित्रे आणि एक पुस्तक. कारण मूळ लेखक जॉन लुकारोटी यांनी १९८४ साली हीच कथा कादंबरीरूपाने प्रसिद्ध केली.

ही पुस्तके म्हणजे केवळ टिपणे नव्हेत. डेव्हिड व्हिटेकर यांनी १९६४ साली लिहिलेल्या पहिल्या कादंबरीत इयन हे पात्र स्वतः कथा सांगते, आणि आरंभ शाळेऐवजी दाट धुक्यातील एका अपघाताने होतो. माल्कम हल्क यांच्या १९७४ सालच्या कादंबरीचा प्रारंभ तर भूगर्भात दडलेल्या सरीसृपाच्या दृष्टीने आहे. मनुष्यापूर्वी पृथ्वी त्यांची होती, हे कळताच शत्रूविषयीही आपल्या मनात कणव उत्पन्न होते. टेरन्स डिक्स यांनी अशी साठांहून अधिक पुस्तके सोप्या भाषेत लिहिली, आणि तिकडील कित्येक मुलांस वाचनाची गोडी त्यांतूनच लागली.

आम्ही स्वतः ही पुस्तके प्रथम वाचली, मालिका पुष्कळ वर्षांनी पाहिली. पडद्यावरील परग्रहाच्या भिंती रंगविलेल्या फळ्यांच्या आहेत, हे सहज दिसत होते. आमच्या मनातील नगरी मात्र अखंड पोलादाची होती, आणि ती आजही तशीच उभी आहे.

हे वाचताना आम्हांस आमच्या आजीची आठवण होई. ती रात्री कीर्तन ऐकून आली, की दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसून तेच आख्यान आम्हां मुलांस सांगे. बुवांचे गायन तिच्या सांगण्यात नसे. परंतु बुवांनी वगळलेले द्रौपदीच्या मनातले दुःख ती अशा शब्दांत सांगे, की आमचे डोळे भरून येत. ती कीर्तने कोणी मुद्रित केली नाहीत, आणि आजीही आता नाही. तिच्या आख्यानांपैकी आम्हांस जेवढी आठवतात तेवढीच जगात उरली आहेत. अलीकडे आम्ही ती एका वहीत उतरवू लागलो आहोत.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे, की मुलाच्या हातातील असे पुस्तक काढून घेण्यापूर्वी त्याची चार पाने स्वतः वाचून पाहावीत. विद्यार्थिमित्रहो, तुम्हीही पाहिलेली वा ऐकलेली एखादी आवडती कथा आपल्या शब्दांत लिहून ठेवा. चित्रे जपण्याची साधने आज पुष्कळ आहेत. पण ती कथा पाहताना तुमच्या मनात जे उमटले, ते जपणारे तुमच्यावाचून दुसरे कोणी नाही.